दगडही बिघडतो: खनिजांचे देखणे नमुने जपायचे कसे आणि दाखवायचे कसे

‘दगडाला काय होतंय?’ असं आपण सहज म्हणून जातो. कोट्यवधी वर्षं जमिनीच्या पोटात टिकलेला स्फटिक आता काचेच्या पेटीत सुखरूप बसला आहे, मग त्याची आणखी काय काळजी घ्यायची? पण संग्रहालयात खनिजांची देखभाल करणाऱ्या कुणालाही विचारा. लालभडक रिअलगारची पिवळी भुकटी झालेली त्यांनी पाहिलेली असते. चकचकीत पायराइट तडकतो आणि त्याच्याखालचं लेबलही जळून जातं, हे त्यांच्या परिचयाचं असतं. खणात नीट ठेवलेला लॉमॉन्टाइटचा गुच्छ काही वर्षांनी पाहावा, तर नुसता चुरा उरलेला, हाही अनुभव त्यांच्या गाठीशी असतो.

स्फटिक ज्या जागी घडतो तिथलं तापमान, दाब, पाणी आणि अंधार यांच्याशी त्याचं जमलेलं असतं. तिथून वर आला की ऑक्सिजन, उजेड, रोज बदलणारा दमटपणा आणि माणसांचे हात हे सगळं त्याला सोसावं लागतं. क्वार्ट्झ, गार्नेट, टूर्मलीन यांना त्याचं फारसं काही वाटत नाही. काही खनिजं मात्र खाणीतून बाहेर पडल्या दिवसापासून बदलू लागतात. त्यामुळे ‘खनिजांसाठी योग्य हवामान कोणतं?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. प्रत्येकाची खोड वेगळी, आणि ती ओळखून तरीही लोकांना नमुना मनसोक्त पाहू देणं हे या कामातलं खरं कौशल्य.

ओलावा वाढला तरी पंचाईत, घटला तरी पंचाईत

पायराइटबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण एका नमुन्याचं दुखणं अख्ख्या खणाला लागतं. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं संयुग. ऑक्सिजन आणि ओलावा मिळाला की त्यापासून लोहाची सल्फेटं तयार होतात आणि सोबत सल्फ्युरिक आम्ल. ही सल्फेटं मूळ पायराइटपेक्षा जास्त जागा व्यापतात, म्हणून नमुना आतून ताणला जातो आणि फुटतो. भेग पडली की हवेला आत शिरायला नवी वाट मिळते. आम्ल शेजारच्या कॅल्साइट या चुन्याच्या खनिजावर चढतं आणि त्याचं जिप्सम करतं. पुठ्ठ्याचं खोकं आणि कागदी लेबल तपकिरी होतं, आणि उचलायला गेलं की तुकडे पडतात.

भिंग घेऊन पाहिलं तर सुरुवात ओळखू येते. कडांवरची चमक मंदावलेली असते, केसासारख्या बारीक चिरा असतात आणि त्या चिरांमधून पांढुरकी, कधी पिवळसर पूड बाहेर आलेली असते. खण उघडल्याबरोबर गंधकाचा आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला तर भिंगाचीही गरज नाही.

सगळेच पायराइट असे बिघडत नाहीत. स्पेनमधल्या नावाहून गावचे, फूटपट्टीने आखल्यासारखे दिसणारे घन सहसा चांगले टिकतात. बारीक कणांचा, सच्छिद्र पायराइट आणि त्याचंच भावंड असलेला मार्कसाइट यांच्यावर मात्र सतत डोळा ठेवावा लागतो. पायराइटने भरलेले अमोनाइटचे, म्हणजे शंखासारख्या कवचाच्या प्राचीन समुद्री जीवांचे, जीवाश्मही याच यादीत येतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हा बिघाड वेगाने वाढतो, म्हणून असे नमुने शक्यतो ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कोरड्या हवेत ठेवतात. बिघाड सुरू झालाच, तर पूड कोरड्या ब्रशने काढायची, अमोनियाच्या वाफेने आम्ल मारायचं आणि मग नमुना ऑक्सिजन शोषणाऱ्या पुडीसह हवाबंद पिशवीत ठेवायचा. पाण्याने धुऊन ओलसरच परत ठेवणं म्हणजे दुखणं वाढवणं. गेलेला भाग काही केल्या परत येत नाही; उरलेला वाचवणं एवढंच हातात असतं.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. काही खनिजांच्या रचनेतच पाणी असतं आणि तेच त्यांना सावरून धरतं. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये मिळणारा लॉमॉन्टाइट हा झिओलाइट (रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांच्या कुळातला) ओल्या खडकातून निघतो तेव्हा काचेसारखा नितळ असतो. कोरड्या हवेत पाण्याचे रेणू सुटू लागले की तो दुधाळ होतो आणि बोट लागताच ढासळतो. निळाशार चाल्कॅन्थाइट, म्हणजे मोरचूद, फार कोरड्या हवेत फिकट पांढरा पडतो. फिकट हिरव्या मेलँटराइटचंही तसंच, आणि त्याला तर बऱ्यापैकी दमट हवा लागते. तिसरा प्रकार हॅलाइटचा. हॅलाइट म्हणजे साधं मीठच. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की तो हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतो. रोज थोडा विरघळायचा आणि परत सुकायचा असं चक्र चाललं की कोरीव कडा गोल होतात.

पायराइट, लॉमॉन्टाइट आणि हॅलाइट एकाच कपाटात, एकाच हवेत ठेवले तर कुणाचं तरी नुकसान ठरलेलं. म्हणून दालनाचं वातानुकूलन कितीही उत्तम असलं, तरी पेटीपेटीचं हवामान वेगळं राखावं लागतं. त्यासाठी पेटीच्या तळाशी, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशा कप्प्यात सिलिका जेल ठेवतात. हवी ती आर्द्रता आधीच मुरवून ठेवलेलं जेल पेटीतली हवा दमट झाली की पाणी घेतं, कोरडी पडली की सोडतं. क्षारांचे संपृक्त, म्हणजे आणखी क्षार विरघळणार नाही इतके दाट, द्रावही हेच काम करतात. बंद डब्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा संपृक्त द्राव हवा सुमारे ३३ टक्क्यांवर धरतो, साध्या मिठाचा ७५ टक्क्यांवर. पण द्रावातले क्षार कडेने वर चढत बाहेर येतात, त्यामुळे प्रदर्शनाच्या पेटीत मला तरी जेलच बरं वाटतं.

स्पेनमधल्या पुल्पी इथे हा प्रश्न एका अख्ख्या पोकळीच्या आकाराचा आहे. जुन्या खाणीतली ही पोकळी सुमारे ८ मीटर लांब आहे आणि आतून पारदर्शक जिप्समच्या मोठमोठ्या स्फटिकांनी मढलेली आहे. २०१९ मध्ये ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. जिप्सम पाण्यात अगदी थोडं विरघळतं, पण विरघळतं. माणसांच्या श्वासातली वाफ आणि अंगातली उष्णता आत साठली, तर स्फटिकांवर दव धरेल आणि त्यांचा नितळपणा जाईल. म्हणून तिथे माणसांची संख्या मर्यादित ठेवावी लागते आणि पोकळीत कुणी मनसोक्त हिंडत नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ते स्फटिक फोडून तुकड्यांनी विकता आले असते. ते जागच्या जागी राहिले आणि तरी लोकांना दिसले.

उजेड: दाखवण्यातच नमुना खर्च होतो

ओलाव्याचा बंदोबस्त पेटी करते. उजेडाचं तसं नाही. उजेडाशिवाय नमुना दिसणारच नाही, आणि काही खनिजांना तोच सोसत नाही.

रिअलगार घ्या. आर्सेनिक आणि गंधक यांचं हे खनिज ताजं असताना इतकं लाल असतं की नजर हटत नाही. उजेडात त्याचे रेणू आपली मांडणी बदलतात आणि त्याचं पॅरारिअलगार होतं. रासायनिक सूत्र तेच, पण आता ती पिवळी-नारिंगी भुकटी असते. पूर्वी या भुकटीला ऑर्पिमेंट, म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचंच दुसरं पिवळं खनिज, समजत असत. हा बदल घडवणारा उजेड मुख्यतः ५०० ते ६७० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे आपल्याला दिसणारा हिरवा ते तांबडा प्रकाश. त्यामुळे पेटीला अतिनील किरण अडवणारी काच बसवली की काम झालं, हा समज इथे चालत नाही. रिअलगारला अंधारच लागतो.

चिलीमधल्या चान्यार्सियो खाणीतले प्रूस्टाइटचे स्फटिक जगात अव्वल मानले जातात. चांदी, आर्सेनिक आणि गंधक यांचं हे खनिज माणकासारखं लाल असतं आणि उजेडात राहिलं की काळवंडत जातं. चांदीची क्लोराइडसारखी खनिजंही उजेडाने काळी पडतात. जुन्या फोटोफिल्मवर चित्र उमटायचं ते चांदीच्या अशाच क्षारांच्या गुणामुळे. व्हिवियानाइट खडकातून निघताना जवळजवळ रंगहीन असू शकतं. मग त्यातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं, उजेड त्याला हातभार लावतो आणि ते निळं, हिरवं, शेवटी काळपट होतं.

काही स्फटिकांची रचना तशीच राहते, फक्त रंग उडतो. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या थॉमस रेंजमधला तपकिरी पुष्कराज उन्हात ठेवला की पाण्यासारखा होतो. गुलाबी-जांभळा कुन्झाइटही फिकट पडतो, आणि कडक उन्हात अ‍ॅमेथिस्टसुद्धा हळूहळू. हा रंग बहुतेक वेळा खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराने आलेला असतो. किरणांनी काही इलेक्ट्रॉन जागचे हलवलेले असतात आणि ते स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकून पडतात. उजेडाची ऊर्जा मिळाली की ते सुटतात आणि रंग जातो.

मग दाखवायचं कसं? संग्रहालयात उजेडाचा हिशेब तीव्रता गुणिले वेळ असा मांडतात. नाजूक वस्तूंसाठी ५० लक्स (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचं एकक) ही रूढ मर्यादा. रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर वर्षभरात १,२०,००० लक्स-तास होतात. दिवा दुप्पट प्रखर ठेवला आणि वेळ निम्मा केला, तरी नुकसान साधारण तेवढंच. म्हणून पाहणारा समोर आल्यावरच लागणारे दिवे, काचेवर उचलता येणारं जाड कापड, किंवा वर्षातले थोडेच महिने नमुना बाहेर काढणं, असे उपाय करतात. प्रूस्टाइटचा सर्वोत्तम नमुना कायम मांडून ठेवण्यापेक्षा मध्यम प्रतीचा एखादा नमुना दालनात ठेवावा आणि सर्वोत्तम तो खणात जपावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहणाऱ्याला त्याचं कारण पाटीवर लिहून सांगितलं की तो नाराज होत नाही. उलट थांबून वाचतो.

कपाटही निरुपद्रवी नसतं

१८९९ मध्ये लॉफ्टस बर्न या इंग्लिश अभ्यासकाने संग्रहातल्या शिंपल्यांवर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीसारख्या थराचं वर्णन केलं. त्याला वाटलं, हे जीवाणूंचं काम. पुढे उलगडा झाला तो असा की लाकडातून सुटणाऱ्या अ‍ॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा कॅल्शियम कार्बोनेटवर, म्हणजे शिंपल्यांच्या आणि कॅल्साइटच्याही मूळ द्रव्यावर, चढून तिथे नवे क्षार तयार करत होत्या. ओकचं लाकूड यात विशेष वाईट. एमडीएफसारख्या दाबून केलेल्या फळ्याही त्रासदायक ठरतात. शिसं तर या वाफांनी फार लवकर गंजतं. लोकरीचं फेल्ट आणि रबर यांतून गंधकाच्या वाफा येतात, आणि नॉर्वेतल्या कॉन्ग्सबर्गची तारांसारखी वळलेली नैसर्गिक चांदी त्यांनी काळी पडते.

कोणतं साहित्य वापरावं हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी ती १९७३ मध्ये मांडली. ज्या कापडाची, रंगाची किंवा फळीची शंका आहे त्याचा तुकडा काचेच्या बंद नळीत थोड्या पाण्यासोबत ठेवायचा आणि त्याच्याजवळ चांदी, तांबं आणि शिसं यांचे पत्रे टांगायचे. ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस झाले की पत्रे पाहायचे. डाग पडले असतील तर ते साहित्य पेटीत जाता कामा नये.

हवाबंद पेटी बहुतेक खनिजांना मानवते. टॉर्बरनाइट, ऑट्युनाइट अशा युरेनियमच्या खनिजांबाबत मात्र तिच्यात रेडॉन वायू साठतो, म्हणून तिथे हवा बाहेर काढण्याची सोय लागते आणि पेटी उघडणाऱ्यालाही नियम पाळावे लागतात. क्रोसिडोलाइटसारखी अ‍ॅस्बेस्टॉसची तंतुमय खनिजं याच्या उलट, कधीच न उघडणाऱ्या पेटीत.

हात, दिवे आणि हादरे

गंधकाचा मोठा पिवळा स्फटिक हातात घेऊन कानाजवळ नेला तर बारीक तडतड ऐकू येते. गंधक उष्णतेचा फार मंद वाहक आहे. तळहाताच्या उबेने त्याचा पृष्ठभाग प्रसरण पावतो, आतला भाग थंडच राहतो आणि स्फटिक चिरतो. जवळ लावलेला तापणारा दिवाही हेच करतो. एलईडी दिव्यांमुळे पेटीतली उष्णता खूप कमी झाली, पण त्यांचे ट्रान्सफॉर्मर पेटीबाहेर ठेवायचं भान हवं.

ओकेनाइटचे पांढरे गोळे कापसाच्या बोंडासारखे दिसतात आणि पाहणाऱ्याला बोट लावायचा मोह होतोच. एकदा तंतू दबले की ते पुन्हा उभे राहत नाहीत. त्यांच्यावर बसलेली धूळही काढता येत नाही, म्हणून धूळ बसूच द्यायची नाही. टास्मानियातल्या डंडासचा क्रोकोआइट म्हणजे केशरी-लाल कांड्यांचं जाळं. खण जरा जोरात ढकलला तरी कांड्या मोडतात. पाहणाऱ्यांच्या पावलांनी लाकडी जमीन हलते आणि महिन्याभरात नमुने शेल्फवर सरकलेले दिसतात.

नमुना उभा करायला पूर्वी सर्रास चिकट पुटी वापरायचे. तिच्यातलं तेल सच्छिद्र खडकात मुरतं आणि न जाणारा डाग पडतो. हल्ली नमुन्याच्या पाठीचा आकार पाहून अ‍ॅक्रिलिकची बैठक कोरतात किंवा पितळी तारेचे आकडे वाकवून, त्यांना मऊ अस्तर लावून वजन तीन जागी पेलतात. बैठक नमुन्यासारखी करायची. बैठकीसाठी नमुना घासायचा नाही.

साफसफाईत घाई नडते. गंज काढायला ऑक्झॅलिक आम्ल सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कॅल्साइटला खातं आणि कधी कधी मागे पिवळे डाग सोडतं. कॅनडाच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयातले रॉबर्ट वॉलर यांनी १९८० मध्ये सोडियम डायथायोनाइट, सायट्रेट आणि बायकार्बोनेट यांच्या द्रावाची पद्धत प्रसिद्ध केली. ती आम्लावर अवलंबून नसल्यामुळे नाजूक नमुन्यांना सौम्य पडते. मोडलेला तुकडा जोडायचाच असेल तर अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळणारं पॅरालॉइड बी-७२ हे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्य बरं. एपॉक्सी काळानुसार पिवळं पडतं आणि सोडवायला जड जातं. आणि जोड दिला असेल तर तो लपवायचा नाही, नोंदीत लिहायचा.

किती मांडायचं, किती सांगायचं

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचं खनिजांचं दालन १८८१ पासूनचं आहे. ओकच्या कपाटांच्या रांगा, रासायनिक वर्गवारीने लावलेले असंख्य नमुने. जर्मनीत फ्रायबर्गच्या जुन्या किल्ल्यात २००८ मध्ये उघडलेल्या टेरा मिनरालियामध्ये मांडणी खंड आणि देशांनुसार आहे, प्रत्येक नमुन्याभोवती मोकळी जागा आणि नेमका दिवा. पहिल्या प्रकारात एकाच खनिजाची वीस रूपं शेजारी शेजारी दिसतात, आणि अभ्यासणाऱ्याला तेच हवं असतं. दुसऱ्यात पहिल्यांदा आलेलं लहान मूलही एका स्फटिकासमोर खिळून राहतं. दालन नव्याने करताना पहिला प्रकार साफ मोडीत काढतात, हे मला पटत नाही. निदान एक भिंत तरी दाट मांडणीची असावी.

नमुना उजळायचा तर दिवा समोरून मारून भागत नाही. एक दिवा बाजूने लावला की पैलूंच्या कडा उठून दिसतात. फ्लोराइटसारख्या पारदर्शक स्फटिकाला मागून हलका उजेड दिला की आतले रंगाचे पट्टे दिसतात. धातूसारखी चमक असलेल्या गॅलिना या शिशाच्या खनिजाला मोठा, पसरट प्रकाश लागतो, नाहीतर तो नुसता काळा दिसतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनचा करडा, साधा दिसणारा दगड अतिनील दिव्याखाली ठेवला की विलेमाइट हिरवं आणि कॅल्साइट तांबडं-केशरी पेटतं. असं दालन वेगळं, अंधारं करावं लागतं आणि किरण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाहीत अशी काच लावावी लागते.

या सगळ्याइतकाच जपायचा असतो तो कागद. नमुना कुठल्या खाणीचा, कोणत्या पातळीवरून, कधी आणि कुणी काढला, ही माहिती गेली की तो फक्त एक सुंदर दगड उरतो. गडद निळ्या कॅव्हन्साइटच्या लेबलावर ‘भारत’ एवढंच असेल तर अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग नाही. ‘दगडखाण, वाघोली, पुणे जिल्हा’ असेल तर त्याच खडकातल्या सोबतच्या खनिजांशी, त्या थराच्या वयाशी त्याचा संबंध लावता येतो. खाणी बंद होतात, बुजतात, त्यांच्यावर इमारती उभ्या राहतात. मग त्या जागेचा पुरावा म्हणून नमुना आणि लेबल एवढंच शिल्लक असतं.

म्हणून नमुना हाती आला की धुण्यापुसण्याच्या आधी त्याला क्रमांक मिळतो. मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइडचा छोटा ठिपका, त्यावर शाईने क्रमांक, वर परत पॅरालॉइडचा थर. तोच क्रमांक नोंदवहीत आणि छायाचित्रावर. आधीच्या मालकाचं लेबल कितीही मळकं, चुकीच्या नावाचं असलं तरी फेकत नाहीत. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून नमुन्याच्या सोबत ठेवतात. दर काही वर्षांनी त्याच कोनातून नवं छायाचित्र काढतात आणि जुन्याशी ताडून पाहतात. रंग किती उतरला, चीर किती वाढली हे डोळ्यांच्या आठवणीवर सोडलं तर कळत नाही. दोन छायाचित्रं शेजारी ठेवली की कळतं, आणि कोणता नमुना आता पेटीतून काढून अंधाऱ्या खणात न्यायचा, हे तेव्हाच ठरवता येतं.